वावर, ले-आउट, घर: नागपूरच्या जमीनवापर बदलाचं मॉडेल उभं करताना

नागपूरच्या आसपास वावराचं थेट घर होत नाही. आधी त्याचं ले-आउट होतं. धुरे (शेताचे बांध) मोडले जातात, मुरूम टाकून तीस-तीस फुटांचे रस्ते काढले जातात, प्लॉटच्या कोपऱ्यांवर सिमेंटचे खुंट रोवले जातात आणि डांबरी रस्त्याच्या तोंडाशी ले-आउटच्या नावाचा फलक लागतो. त्यानंतर पाच, दहा, कधी पंधरा वर्षं तिथं गवत उगवतं आणि वाळतं. सातबाऱ्यावर एक लिहिलेलं असतं, नगररचनेच्या नकाशात दुसराच रंग असतो, आणि ७०५ किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या लँडसॅट उपग्रहाला तिथं नुसतं पडीक रान दिसतं.

जुन्या उपग्रहचित्रांवरून जमिनीचा बदल शिकून पुढचा अंदाज देणारं संगणकाचं मॉडेल आम्ही उभं करतो. ही मधली अवस्था त्याला वेगळी शिकवली नाही, तर मॉडेल शेती आणि बांधकाम एवढं दोनच ओळखतं. बेसा-घोगलीकडचं रिकामं ले-आउट त्याच्या लेखी वावरच राहतं आणि पुढं तिथं घरं उठली की तो बदल त्याला आभाळातून पडल्यासारखा वाटतो. खरं तर निर्णय कधीच झालेला असतो, फक्त विटा यायच्या राहिलेल्या असतात. म्हणून या कामात आमचा सर्वांत जास्त वेळ ले-आउट ओळखण्यावर जातो, आणि तो तिथंच जायला हवा असं आमचं ठाम मत आहे.

सुरुवात हद्दीपासून. महापालिकेची हद्द घेऊन हे काम होत नाही. हुडकेश्वर-नरसाळा २०१३ मध्ये शहरात आलं तेव्हा तिथली वस्ती आधीच दाटलेली होती. वाढ नेहमी हद्दीच्या बाहेर सुरू होते. दुसऱ्या टोकाला महानगर क्षेत्र आहे, ३,५६७ चौरस किलोमीटर, ७१९ गावं. ते पूर्ण घेतलं तर बहुतेक जमीन अशी असते जिथं वीस वर्षांत काहीच बदललेलं नाही, आणि त्या न बदललेल्या जमिनीमुळं पुढं अचूकतेचे आकडे फुगतात. आम्ही ४२ किलोमीटर बाजूचा चौरस घेतो: उत्तरेला खापरखेडा, दक्षिणेला बुटीबोरी, पश्चिमेला हिंगणा, पूर्वेला कामठी-कन्हान. ३० मीटरच्या पिक्सेलनं तो १,४०० गुणिले १,४०० होतो, म्हणजे १९ लाख ६० हजार पिक्सेल. साध्या लॅपटॉपला हे ओझं झेपतं. एक पिक्सेल ९०० चौरस मीटरचा, म्हणजे जेमतेम ९ गुंठे. दीड हजार चौरस फुटांचे सहा प्लॉट त्यात बसतात, रस्ता धरला तर चार-पाच. हे माप शेवटपर्यंत डोक्यात ठेवावं लागतं.

नकाशाचा प्रक्षेप (गोल पृथ्वी सपाट मांडण्याची पद्धत) यूटीएम झोन ४४ उत्तर, त्याचा सांकेतिक क्रमांक ईपीएसजी ३२६४४. इथं एक चूक वारंवार होते. राज्यभराचा नकाशा-थर बरेचदा झोन ४३ मध्ये दिलेला असतो. तो पडद्यावर नीट जुळलेला दिसतो, कारण क्यूजीआयएस हे नकाशाचं सॉफ्टवेअर दाखवताना आपोआप बदल करतं, पण गणिताला बसवला की पिक्सेलची जाळी जुळत नाही. प्रत्येक थर आधी ३२६४४ मध्ये नव्यानं लिहून घ्यायचा. दुसरी चूक अर्ध्या पिक्सेलची. लँडसॅटच्या पिक्सेलचा मध्य ३० च्या पटीवर असतो, कडा नव्हे. रस्त्यांच्या अंतराचा थर आपण स्वतः तयार करतो तेव्हा त्याच्या कडा ३० च्या पटीवर बसतात आणि सगळा थर १५ मीटर सरकतो. क्यूजीआयएसमधलं जमीनवापर बदलाचं मोलुस्के प्लगइन अशा वेळी थरांची भूमिती जुळत नाही म्हणून अडतं, ते बरंच आहे. स्वतः लिहिलेली पायथनची स्क्रिप्ट मात्र मुकाट्यानं पुढं जाते. म्हणून एक मूळ थर ठरवून बाकी सगळे त्याच्या जाळीवर बसवून घ्यायचे, अपवाद न करता.

वर्षं निवडताना दोन अटी: अंतर सारखं हवं आणि चित्रं धड हवीत. आम्ही २००२, २०१३ आणि २०२४ घेतो. लँडसॅट ७ चा स्कॅन लाइन करेक्टर (चित्राच्या ओळी जुळवणारा भाग) ३१ मे २००३ रोजी बंद पडला आणि त्यानंतरच्या प्रत्येक चित्रात सुमारे २२ टक्के भाग पट्ट्यापट्ट्यांनी गळतो. २००२ ची चित्रं त्याच्या आधीची, स्वच्छ. लँडसॅट ८ फेब्रुवारी २०१३ मध्ये वर गेला आणि त्या उन्हाळ्यापासून त्याची चित्रं मिळतात. ११-११ वर्षांच्या दोन खेपा मिळतात आणि पुढचा अंदाज २०३५ चा निघतो. २०३० हवं असेल तर ११ वर्षांचं मॅट्रिक्स (कुठल्या वर्गातली किती टक्के जमीन कुठल्या वर्गात गेली याचा तक्ता) सहा वर्षांचं करावं लागतं; ते टक्क्यांना सहा-अकरांशानं गुणून होत नाही, मॅट्रिक्सचा घात काढावा लागतो आणि त्यात कधी कधी ऋण संभाव्यता येतात. सरळ २०३५ वर थांबणं शहाणपणाचं. २०२४ साठी सेंटिनेल-२ या दुसऱ्या उपग्रहाची १० मीटरची चित्रं वापरण्याचा मोह होतो. तो टाळावा. जुनं ३० मीटरचं आणि नवं १० मीटरचं असलं की जो बारीक रस्ता २००२ मध्येही होता तो नव्यानंच झाल्यासारखा नकाशावर येतो. सेंटिनेल आम्ही फक्त पडताळणीला ठेवतो.

आता ऋतू, आणि इथं रेंगाळायला हवं. एकाच चित्रावर नागपूरचं वर्गीकरण होत नाही. नोव्हेंबरात पऱ्हाटी (कपाशी) आणि तूर उभी असते, सोयाबीन निघालेलं असतं, गव्हा-हरभऱ्याची पेरणी चालू असते. त्याच वेळी रिकाम्या ले-आउटमधलं गवतही अजून हिरवट असतं. मे महिन्यात सगळंच उजाड. बांधकाम दाखवणारा एनडीबीआय हा निर्देशांक उजाड जमिनीलाही बांधकामाइतकाच मोठा आकडा देतो, कारण दोन्हींकडून लघुतरंग अवरक्त किरण जवळच्या अवरक्तापेक्षा जास्त परततात. मेच्या एकट्या चित्रावर हा निर्देशांक लावला तर उमरेड रोडपासून काटोल रोडपर्यंत सगळीकडं शहरच शहर दिसतं.

आम्ही प्रत्येक वर्षाची दोन चित्रं एकावर एक ठेवतो, मेची आणि नोव्हेंबर-डिसेंबरची. घर दोन्हींत सारखं राहतं, वावर एकात हिरवं आणि एकात उघडं असतं. बांधकाम आणि शेती यांचा घोळ एवढ्यानंच बराचसा मिटतो. ले-आउट आणि पडीक वावर यांचा मात्र मिटत नाही. तिथं उपयोगी पडते नांगरणी. एप्रिल-मेमध्ये शेतकरी नांगरून-वखरून ठेवतो. काळी माती उलटते आणि सगळ्या बँडमध्ये (प्रकाशाच्या पट्ट्यांमध्ये) गडद दिसते. ले-आउटमध्ये नांगर जात नाही. तिथं वाळलेलं गवत तसंच उभं असतं आणि मधून मुरमाचे रस्ते गेलेले असतात, त्यामुळं मेच्या चित्रात तो तुकडा आजूबाजूच्या वावरांपेक्षा उजळ राहतो. जामठ्याकडं किंवा बेलतरोडीकडं मेचं चित्र उघडलं की काळ्या चौकोनांमध्ये फिकट पिवळसर चौकोन बसवल्यासारखे दिसतात. जागेवर जाऊन पाहावं तर त्यातल्या बहुतेकांत खुंट रोवलेले सापडतात. रस्ता फक्त ९ मीटरचा असल्यानं तो ३० मीटरच्या पिक्सेलमध्ये सुटा दिसत नाही, पण त्याचा उजेड पिक्सेलच्या सरासरीत मिसळतो, आणि तीन-चार पिक्सेल सलग तसे आले की खात्री वाटू लागते.

ही खूण सगळीकडं चालत नाही. नागपूर दोन खडकांच्या सीमेवर वसलं आहे: पश्चिमेला दख्खनचा बेसॉल्ट, पूर्वेला जुना नाइस. पूर्वेकडं जावं तशी माती हलकी होत जाते आणि धानाच्या बांध्या लागतात. धान निघाल्यावर बांध्यांत धसकटं तशीच राहतात, उन्हाळ्यात नांगरणी होईलच असं नाही, आणि मग बांधी आणि ले-आउट मेच्या चित्रात जुळी भावंडं होतात. तिथं ऑक्टोबरअखेरचं तिसरं चित्र जोडावं लागतं. त्या दिवसांत धान दाट उभं असतं आणि ले-आउटमधलं गवत विरळ. शिकवणीचे नमुनेही यासाठी दोन्ही बाजूंनी घ्यायचे. फक्त वर्धा रोडकडचे नमुने घेऊन भंडारा रोडकडचं वर्गीकरण केलं की पूर्वेकडं खोट्या ले-आउटचा पूर येतो.

चित्रं लँडसॅटच्या कलेक्शन २ या संग्रहातली, पृष्ठ-परावर्तनाची (जमिनीवरून परतलेल्या उजेडाच्या प्रमाणाची) घ्यावीत. मूळ आकडा ०.००००२७५ नं गुणून त्यातून ०.२ वजा केल्याशिवाय निर्देशांक काढू नयेत. वजाबाकी राहिली तर हिरवाई मोजणारा एनडीव्हीआय सगळीकडं दबून येतो आणि काही चुकलं आहे हे कळतही नाही. बँडचे क्रमांकही बदललेले आहेत: लँडसॅट ७ मध्ये जवळचं अवरक्त चौथं आणि पहिलं लघुतरंग अवरक्त पाचवं, लँडसॅट ८ आणि ९ मध्ये तेच पाचवं आणि सहावं. जुनं सूत्र नव्या चित्राला तसंच लावलं तर एनडीबीआयच्या नावाखाली भलताच निर्देशांक तयार होतो.

वर्ग आम्ही सहा ठेवतो: बांधकाम, ले-आउट, शेती आणि बागा, झाडी-झुडूप, पाणी, आणि खाण-राख. शेवटचा वर्ग नागपूरला लागतोच. कोराडी आणि खापरखेडा वीजकेंद्रांचे राखेचे तलाव ओले असताना पाण्यात जातात आणि कोरडे झाले की बांधकामात. एका खेपेत ते तलावातून घरं उगवल्यासारखे दिसतात. कामठी-कन्हान पट्ट्यातल्या उघड्या कोळसा खाणी इतक्या गडद असतात की त्यांची गणना पाण्यात होते. हे सगळं अल्गोरिदमवर सोडू नये. मोठ्या प्रतिमेवर हातानं रेखून मुखवटा (हे भाग वेगळे काढणारा थर) करावा; दोन-तीन तासांचं काम आहे आणि पुढचे कितीतरी दिवस वाचतात.

वर्गीकरणाला रँडम फॉरेस्ट (अनेक निर्णयवृक्षांचं बहुमत घेणारी पद्धत), ३०० झाडं, प्रत्येक वर्गाला किमान शंभर-सव्वाशे बहुभुज (चित्रावर आखलेले नमुन्याचे तुकडे). नमुने शिकवणीसाठी आणि चाचणीसाठी वाटताना बहुभुज वाटायचे, पिक्सेल नव्हे. एकाच वावराचे अर्धे पिक्सेल शिकवणीत आणि अर्धे चाचणीत गेले, तर पेपर आधीच फुटलेला असतो. २०१३ आणि २०२४ ची खात्री गुगल अर्थच्या जुन्या प्रतिमांवर करता येते. २००२ साठी तशा प्रतिमा फार थोड्या भागाच्या मिळतात. तिथं भारतीय सर्वेक्षण विभागाचे नकाशे, शहराचा ५५ ओ/४ आणि हिंगण्याकडचा ५५ के/१६, गावठाणं, तलाव आणि रस्ते ओळखायला मदत करतात. ले-आउटचा जन्म कुठल्या वर्षीचा हे शोधताना नियमितीकरणाच्या याद्या मोलाच्या वाटतात, पण आर.एल. (ले-आउट नियमित झाल्याचं पत्र) मिळाल्याची तारीख म्हणजे ले-आउट पडल्याची तारीख नव्हे. गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा २००१ चा. त्याखाली आलेली कितीतरी ले-आउट त्याच्या बरीच आधी पडलेली आहेत. यादीवरून जागा घ्यावी, वर्ष चित्रावरून.

वर्गीकरणानंतर विखुरलेले ठिपके काढायला बहुमताची चाळणी लावतात. ३ गुणिले ३ ची ती चाळणी इथं लावू नये, तिच्यात लहान गावठाणं आणि एकेकटी घरं पुसली जातात. चार पिक्सेलपेक्षा लहान तुकडे शेजारच्यात विरघळवणारी साधी चाळणी पुरते.

आता तीन नकाशे हातात आहेत. मॉडेलकडं वळण्याआधी आम्ही संक्रमणाचं मॅट्रिक्स मांडून बसतो आणि ओळीओळीनं वाचतो. समजा ‘बांधकाम ते शेती’ या रकान्यात ७ टक्के आले. अकरा वर्षांत शहरानं ७ टक्के घरं पाडून तिथं गहू पेरला असं कोणी म्हणणार नाही. ही वर्गीकरणाची चूक आहे, आणि ती उलट दिशेनंही तेवढीच झालेली असण्याची दाट शक्यता आहे. म्हणजे ‘शेती ते बांधकाम’ या रकान्यातलेही काही टक्के खोटे. मॅट्रिक्स तसंच पुढं ढकललं तर मॉडेल त्या खोट्या बदलालाही नियम समजून शिकतं. दुरुस्ती नकाशात करायची. एखादा पिक्सेल २००२ आणि २०२४ मध्ये बांधकाम आणि मध्येच २०१३ मध्ये शेती असेल, तर २०१३ चं बांधकाम करायचं. २००२ मध्ये एकदाच बांधकाम आणि पुढं दोन्ही वेळा शेती असेल, तर २००२ चुकलं होतं. सरसकट ‘एकदा बांधकाम ते कायमचं बांधकाम’ हा नियम मात्र लावू नये. तो लावला की २००२ मधली प्रत्येक चूक कायमची पक्की होते.

कारक थरांमध्ये, म्हणजे बदल कुठं होतो हे ठरवणाऱ्या गोष्टींच्या थरांमध्ये, मुख्य रस्त्यांपासून अंतर, आधीच्या बांधकामापासून अंतर, शहराच्या मध्यावरच्या सीताबर्डीपर्यंतचा प्रवासवेळ, औद्योगिक वसाहतींपासून अंतर, नाल्यांपासून अंतर आणि उतार. अंतराचा लॉगरिदम घ्यावा: रस्त्यापासून १०० आणि ४०० मीटरमध्ये जो फरक आहे तो ८,१०० आणि ८,४०० मध्ये नाही. सरळ रेषेतलं अंतर पूर्व नागपुरात फसवतं. इतवारी-कळमन्याकडं रेल्वेचे रूळ वस्ती कापत जातात आणि ओलांडायला ठरावीक पूल आणि भुयारी रस्तेच आहेत, म्हणून तिथं वेळेचा हिशेब लागतो. उताराकडून फार अपेक्षा ठेवू नये. सेमिनरी हिल्स आणि गोरेवाड्याचा भाग सोडला तर शहर सपाट आहे. शिवाय कोपर्निकस या युरोपीय उपग्रह कार्यक्रमाचा उंचीचा थर इमारतींचे माथेही मोजतो, त्यामुळं दाट वस्तीत नसलेला उतार दिसतो.

कारकांमधली सर्वांत मोठी चूक काळाची असते. २००२ ते २०१३ चा बदल शिकवताना आजचे रस्ते वापरले, तर जे रस्ते वस्ती आल्यावर झाले तेच वस्तीचं कारण म्हणून शिकवले जातात. ओपनस्ट्रीटमॅपमधून उतरवलेल्या रस्त्याला वर्ष नसतं. मुख्य रस्ते जुन्या चित्रांवर ठेवून एकेकाला हातानं वर्ष द्यावं लागतं. मेट्रोचंही तसंच: खापरी-सीताबर्डी गाडी मार्च २०१९ मध्ये धावू लागली, पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये पूर्ण झाला. स्थानकांपासूनचं अंतर २००२-२०१३ च्या शिकवणीत शिरता कामा नये.

निर्बंधाच्या थरात कामठी छावणी, आयुध निर्माणीचा परिसर, वायुसेनेची जमीन, विमानतळ, तलाव आणि राखीव वन हे सहज सुचतं. विसरतं ते झुडपी जंगल. पूर्व विदर्भाच्या सहा जिल्ह्यांच्या महसुली नोंदींतला हा प्रकार उपग्रहातून ओळखता येत नाही, कारण जागेवर कधी गवत असतं, कधी मुरमाड उघडी जमीन, कधी वस्तीही. सर्वोच्च न्यायालयानं मे २०२५ मध्ये या जमिनी वनच मानल्या. त्यामुळं २०३५ च्या अंदाजात त्या मोकळ्या सोडता येत नाहीत. मौजा आणि खसरा क्रमांकानुसार गावनकाशावरून त्या उतरवाव्या लागतात आणि जुने गावनकाशे जाळीवर बसवताना काही ठिकाणी तीस-चाळीस मीटरचा फरक पडतो. म्हणून त्यांच्या कडेचा एक पिक्सेल आम्ही ‘अनिश्चित’ ठेवतो. आणखी एक: हा निर्बंध २०१३-२०२४ च्या पडताळणीत लावायचा नाही. त्या काळात अशा जमिनींवर जे झालं ते झालेलं आहे, आणि मॉडेलला ते दिसलं पाहिजे.

प्रत्यक्ष मॉडेल चालवणं हा या सगळ्यातला सर्वांत छोटा भाग. आम्ही संक्रमणं दोन टप्प्यांत तोडतो, शेती ते ले-आउट आणि ले-आउट ते बांधकाम, आणि दोन्हींसाठी न्यूरल नेटवर्क (उदाहरणांवरून शिकणारा प्रोग्राम) वेगळं शिकवतो, कारण त्यांची कारणंच वेगळी आहेत. पहिलं संक्रमण रस्ता आणि जमिनीच्या उपलब्धतेनं होतं. दुसरं पाण्याची लाइन, वीज आणि शाळा आल्यावर. नमुने निवडताना बदललेले आणि न बदललेले पिक्सेल निम्मे-निम्मे घेतले तर न्यूरल नेटवर्क नीट शिकतं, पण मग त्यातून निघणारी संभाव्यता फुगलेली असते. ती फक्त क्रम लावायला वापरावी. किती पिक्सेल बदलायचे हे मार्कोव्हच्या, म्हणजे वरच्या संक्रमणाच्याच, मॅट्रिक्सवरून ठरवावं. त्या संख्येला लोकसंख्येचा आधार देणं कठीण झालं आहे. महापालिका क्षेत्रात २००१ मध्ये २०,५२,०६६ आणि २०११ मध्ये २४,०५,६६५ लोक होते. त्यानंतरची जनगणना २०२१ मध्ये झालीच नाही.

सेल्युलर ऑटोमाटाचा (शेजारचे पिक्सेल पाहून पिक्सेल बदलणाऱ्या पद्धतीचा) शेजार ३ गुणिले ३ ठेवला तर तो ९० मीटरचा होतो. शहर त्यात कडेकडेनं फुगतं. नागपूरचं ले-आउट मात्र वस्ती सोडून तीन-चार किलोमीटर पुढं जाऊन पडतं. म्हणून डायनामिका ईगोसारखं साधन आम्हाला बरं वाटतं: त्यात असलेला तुकडा वाढवणं आणि नवा तुकडा टाकणं या दोन वेगळ्या क्रिया आहेत आणि नव्या तुकड्याचं सरासरी आकारमान हेक्टरमध्ये देता येतं. पाच एकरांचं ले-आउट म्हणजे सुमारे २ हेक्टर, २२ पिक्सेल. हा आकडा अंदाजानं न टाकता स्वतःच्या २०१३-२०२४ च्या नकाशातल्या नव्या तुकड्यांवरून मोजून टाकावा.

स्लूथ हे शहरवाढीचं मॉडेल वापरायचं असेल तर बांधकामाची किमान चार वर्षं लागतात, म्हणजे मध्ये निदान एक वर्ष, २००९ किंवा २०१८, घालावं लागतं. सगळे थर ८ बिटच्या करड्या जिफमध्ये, आणि उतार टक्क्यांत. अंशांत दिला तर मॉडेल तक्रार न करता चालतं आणि चुकीचं चालतं. पाच गुणांक, प्रत्येक ० ते १००. पहिल्या खेपेत २५ च्या पायरीनं पाच-पाच मूल्यं घेतली तरी ५ चा पाचवा घात, ३,१२५ जोड्या होतात. सपाट नागपुरात उताराच्या गुणांकाची बरीच मूल्यं सारखीच जुळतात. त्यातलं एक उचलून त्यावर निष्कर्ष काढू नये.

आता पडताळणी. २००२-२०१३ वर शिकवायचं, २०२४ चं चित्र मॉडेलनं काढायचं आणि खऱ्या २०२४ शी ताडायचं. प्लगइन एक टक्केवारी आणि कप्पा (योगायोगानं जुळलेलं वगळून काढलेलं जुळणीचं माप) देतं, टक्केवारी ९० च्या पुढं असतं, आणि काम तिथंच संपलं असं वाटतं. हा नमुना हिशेब पाहा. समजा खरोखर बदललेले पिक्सेल १,४८,००० आहेत. त्यातले ५२,००० मॉडेलनं बरोबर पकडले, ९६,००० सुटले, आणि ८८,००० ठिकाणी नसलेला बदल दाखवला. एकूण चुका १,८४,०००, म्हणजे १९ लाख ६० हजारांत ९०.६ टक्के बरोबर. आता काहीच न करता २०१३ चाच नकाशा २०२४ म्हणून दिला असता तर? चुकले असते फक्त १,४८,०००, म्हणजे ९२.४ टक्के बरोबर. आठवडाभर शिकवलेलं मॉडेल काहीच न करण्यापेक्षा मागं पडलं, आणि तरी त्याचा आकडा ९० च्या वर दिसत होता.

खरं माप बदलावरच लावायला हवं: बरोबर पकडलेले भागिले बरोबर, सुटलेले आणि खोटे यांची बेरीज. इथं ५२ भागिले २३६, म्हणजे २२ टक्के. हा आकडा पाहून निराश होऊ नये, जमीनवापराच्या मॉडेलमध्ये तो बहुधा लहानच येतो. चुका कुठल्या जातीच्या आहेत ते बघावं. मॉडेलनं एकूण १,४०,००० पिक्सेल बदलले, खरे बदलले १,४८,०००. प्रमाणाची चूक फक्त ८,००० ची. उरलेल्या १,७६,००० चुका जागेच्या आहेत. किती वाढेल ते मॉडेलला कळलं, नेमकं कुठं ते नाही. मग तेच नकाशे ३०० मीटरच्या चौकोनांत गोळा करून पुन्हा ताडायचे. १,४०० ची बाजू १४० होते, चौकोन १९,६०० राहतात. पिपळ्यातलं एक ले-आउट मॉडेलनं शेजारच्या वावरात दाखवलं असेल तर ती चूक इथं बरीचशी विरते. ३०० मीटरवरही विरत नाही ती चूक गंभीर. अशा चुकांचा नकाशा काढला की त्या ढिगानं सापडतात, मुख्यतः जिथं भूसंपादन झालं आहे तिथं. विमानतळालगतच्या मिहान प्रकल्पासारख्या जागी शेती थांबते, पण बांधकाम लगेच येत नाही. अंतराचे सगळे कारक ‘बांधा’ म्हणत असतात आणि जमीन मात्र वाट पाहत असते. त्यासाठी संपादित क्षेत्राचा वेगळा थर देऊन तिथलं मॅट्रिक्स वेगळं काढावं लागतं.

२०३५ साठी आम्ही एकच नकाशा देत नाही. समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी भाग डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला. २०१३-२०२४ च्या मॅट्रिक्समध्ये त्याचा परिणाम जेमतेम उतरलेला आहे. मेट्रोच्या दुसऱ्या टप्प्यातल्या मार्गिका बुटीबोरी, कन्हान, हिंगणा आणि कापसीकडं जाणार आहेत, त्या तर मॅट्रिक्समध्ये नाहीतच. म्हणून एक खेप जुन्याच चालीनं, एक नव्या स्थानकांचं अंतर धरून, एक नाल्यांच्या काठचा पट्टा पूर्ण बंद ठेवून. प्रत्येक खेप शंभर वेळा चालवायची आणि ३०० मीटरच्या प्रत्येक चौकोनात किती वेळा बदल आला ते लिहायचं. तो नकाशा खसऱ्यावर अंथरू नये. ९ गुंठ्यांच्या पिक्सेलवर उभं राहिलेलं गणित एखाद्याच्या प्लॉटबद्दल काही सांगू शकत नाही, आणि असा नकाशा जमिनीच्या व्यवहारात फिरू लागला की कोणाचं तरी नुकसान होतं.

जिथं हा नकाशा खरोखर लागतो ती जागा म्हणजे पाणी. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला आणि नाग नदीच्या काठची वस्ती बुडाली. त्या पाण्याचा हिशेब करताना पाणलोटातली जमीन ‘शेती’ धरायची की ‘बांधकाम’, हा प्रश्न येतो, आणि रिकामं ले-आउट यातलं काहीच नसतं. घरं नाहीत म्हणून काँक्रीट नाही. पण पाणी अडवणारे धुरे मोडलेले आहेत, मुरमाचे रस्ते दाबून घट्ट झालेले आहेत आणि शेताच्या कडेचा ओहोळ बऱ्याचदा सपाट करून प्लॉटमध्ये गेलेला आहे. म्हणून पुराचा अभ्यास करणाऱ्यांना आम्ही ले-आउटचा थर वेगळाच देतो, बांधकामात मिसळून नाही, आणि प्रत्येक तुकड्यापुढं तो पहिल्यांदा कुठल्या वर्षीच्या मेच्या चित्रात उजळ दिसला ते वर्ष लिहून देतो.